व्रतस्नातक

नोकरी सोडणाऱ्यास राजीनामा देता येतो, जमीन विकणाऱ्याचा फेरफार तलाठ्याच्या दफ्तरी नोंदला जातो, आणि नवराबायकोचे तुटले तर त्यालाही फारकत असा रोकडा शब्द आहे. परंतु वेदपाठशाळेतले अध्ययन अर्ध्यावर टाकून जो मुलगा घरी येतो, त्याच्यापाशी दाखविण्यास कसलाही दाखला नसतो, आणि आता याच्याशी कोणत्या नात्याने वागावे हे गावालाही कोणत्या कागदावरून ताडून पाहता येत नाही. कृष्णाकाठच्या एका पाठशाळेत सहा वर्षे काढून मी कोऱ्हाळे बुद्रुकास परतलो, तेव्हा माझी श्रद्धा उडाली आहे काय, असे मला कोणी विचारले नाही. लोकांचा प्रश्न फार निराळा होता, आणि तो त्यांच्या हातांना पडलेला होता: हे हात आता जोडावेत की नाहीत?

पहिला प्रसंग शेंडीचा. नीरेच्या डाव्या कालव्याच्या कडेला एका बाभळीखाली आमचा न्हावी धोकटी उघडून बसे. शेंडीसकट सगळे काढ, असे सांगून मी मान खाली घातली, तेव्हा त्याने वस्तरा पट्ट्यावर उगाचच दोनदा घासला आणि म्हणाला, “थोरल्यांना इचारलंय का, गुरुजी?” माझ्या मुंजीत माझे डोके त्याच्याच बापाने केले होते. जोशी काय आणि न्हावी काय, गावगाड्यात दोघेही बलुतेदार; त्याच्या घरचा मुहूर्त आम्ही सांगावा आणि आमच्या घरचा वस्तरा त्याने चालवावा, हा व्यवहार आमच्या दोघांच्या जन्माआधीपासून चालत आलेला. त्यामुळे ज्या शेंडीला मी केवळ माझी समजत होतो तिच्यात त्याचाही वाटा होता, आणि तो सोडून देण्यास त्याची कबुली मी घेतली नव्हती. अखेर त्याने ती काढली. पण केस खाली पडू न देता ते कागदात बांधून माझ्या हातात दिले. पैसे मात्र घेतले नाहीत.

पुढे ज्या म्हाताऱ्या बायका देवदर्शनाहून परतताना वाकून नमस्कार करीत, त्या मला पाहताच अर्ध्यात थांबू लागल्या, आणि वाकलेली कंबर सरळ करण्यासाठी पदर सावरण्याचे निमित्त शोधू लागल्या. त्यांचा संकोच पाहून मला जितकी शरम वाटली तितकी पाठशाळा सोडताना वाटली नव्हती. मोकळेपणाने वागली ती घरे वेगळीच: 1873 साली जोतीराव फुल्यांनी पुण्यात स्थापिलेल्या सत्यशोधक समाजाच्या वळणाची, भटावाचून लग्न लावणारी. त्यांना माझ्या मंत्रांचे अगत्य पूर्वीही नव्हते, म्हणून मी मंत्र सोडल्याने त्यांचे काही गेले नाही. त्यांनी मला उसाला पाणी कसे धरावे ते शिकविले आणि बांधावर भाकरी खायला बसविले. ज्यांना पुरोहिताची कधी गरजच नव्हती त्यांनाच पुरोहितपण सोडलेला माणूस अवघड वाटू नये, ही गोष्ट मला पुष्कळ दिवस खुपत राहिली.

तेराव्या शतकात आळंदीच्या विठ्ठलपंतांनी संन्यास घेतला आणि गुरूच्याच आज्ञेने ते पुन्हा संसारात आले, असे परंपरा सांगते. अशा माणसाला शास्त्राने आरूढपतित हे नाव ठेवले आहे. म्हणजे चढला तो पडला, उतरला असे म्हणण्याची सोयच नाही. मुलांच्या मुंजी अडल्या, आणि संन्याशाची पोरे हेच त्यांचे आडनाव झाले. याच्याशेजारी धर्मानंद कोसंबींचे उदाहरण ठेवून पाहावे. गोव्यातील साखवाळचा हा गृहस्थ बायकोला व तान्ह्या मुलीला घरी ठेवून ज्ञानासाठी बाहेर पडला, 1902 साली सिंहलद्वीपात त्याने बौद्ध प्रव्रज्या घेतली, आणि 1906 साली कलकत्त्यास पाली शिकविण्यासाठी चीवर उतरवून तो पुन्हा गृहस्थ झाला. विनयाच्या, म्हणजे भिक्षूंच्या आचारसंहितेच्या, नियमाप्रमाणे, कळत्या माणसापुढे ‘मी शिक्षा सोडली’ असे बुद्धिपुरस्सर म्हटले की भिक्षू मोकळा होतो, आणि मनात आले तर पुन्हा दीक्षाही घेऊ शकतो. पुढे हार्वर्ड, फर्ग्युसन कॉलेज, गुजरात विद्यापीठ अशी त्यांची वाट गेली, आणि चीवर टाकले म्हणून विद्वानांत कोणी त्यांना कमी लेखले नाही. (घरी राहिलेल्या बाळाबाईंसाठी मात्र विनयात एकही कलम नव्हते, सोडून जाणाऱ्यांचे नियम सोडल्या गेलेल्यांना विचारून केले जात नाहीत.)

आपल्या शास्त्रात दार नव्हतेच असेही नाही. पारस्कराच्या गृह्यसूत्रात स्नातकाचे तीन प्रकार सांगितले आहेत: वेद पुरा झाला पण व्रताचा काळ राहिला तो विद्यास्नातक, व्रताचा काळ पुरा झाला पण वेद राहिला तो व्रतस्नातक, आणि दोन्ही साधले तो विद्याव्रतस्नातक. म्हणजे अपुऱ्या विद्येच्या ब्रह्मचाऱ्यालाही स्नान घालून, नाव देऊन, सन्मानाने घरी पाठविण्याची तजवीज होती. ती विसरली कशी गेली, हे मला कोडे आहे. बहुधा वृत्ती वंशपरंपरेचे वतन झाली आणि वतनात अर्धा हुद्दा नसतो, म्हणून गेली असावी. माझे तर बारा वर्षांचे व्रतही पुरे झाले नव्हते, तेव्हा त्या नावावरचा माझा दावा कच्चाच. तरी मी मनाशी ते घेऊन टाकले आहे.

सर्वांत कठीण गेले ते सहाध्यायांचे. संथा म्हणजे गुरूने एकदा म्हणायचे व शिष्यांनी दोनदा. सहा वर्षे एका श्वासात म्हटलेल्या माणसांचे नाते रक्ताहून फारसे दूर नसते. त्यांतला एक आता बारामतीकडे भिक्षुकी करतो. रस्त्यात भेटला की तो मला ‘अहो’ म्हणू लागला, आणि त्या ‘अहो’ने आमच्यामध्ये जी भिंत घातली ती शिवीनेही घातली नसती.

आम्ही माध्यंदिन शाखेचे, स्वर हाताने दाखविणारे. गेल्या वैशाखात गावातल्या एका लग्नात तो पुरोहित होता आणि मी मांडवात वऱ्हाडी म्हणून बसलो होतो. त्याचा एक स्वर खाली यायचा तो वरच राहिला. माझा उजवा हात, मला न विचारता, मांडीवरून खाली गेला. त्याने यजमानाकडे नव्हे, माझ्या हाताकडे पाहिले, ओळ पुन्हा उचलली आणि नीट म्हटली. पंगतीत त्याने शेजारचे पान माझ्यासाठी अडवून ठेवले होते. मी बसलो तशी त्याने तांब्या पुढे सरकविला.

“घे रे पाणी,” तो म्हणाला.