अकरा महिन्यांचे बिऱ्हाड



परीक्षा आटोपल्या की दरवर्षी आपल्या धर्मग्रामातील काही घरांत बांधाबांध सुरू होते. कुणाला पुण्याला नोकरी लागलेली असते, कुणाची बंगळुरूला बदली झालेली असते, कुणाच्या मुलीला परगावच्या महाविद्यालयात प्रवेश मिळालेला असतो. ही मंडळी बाप्तिस्म्याचा दाखला मागायला पॅरिश कार्यालयात येतात. भाड्याचे घर पाहिले, मुलांच्या शाळेचे झाले, टेम्पो ठरवला, गॅसचे कागद केले, अशी तयारीची यादी सांगतात. आणि उठता उठता बहुतेक जण म्हणतात, "तसे फादर, दोनच वर्षांसाठी जातोय."

या वाक्यात घरी मागे राहणाऱ्या आईवडिलांना दिलेला धीर असतो. पण त्यात नीतिशास्त्राचा एक प्रश्नही दडलेला आहे. ज्या गावात मी थोडेच दिवस राहणार आहे, त्या गावाचे मी काही देणे लागतो का? की भाडे वेळेवर दिले, कुणाला त्रास दिला नाही, एवढ्यावर माझे कर्तव्य संपले? आज या प्रश्नाचा आपण मिळून थोडा विचार करू या.

प्रथम तयारीविषयी. "प्रभू बघून घेईल" असे म्हणून तयारी टाळणे ही श्रद्धा नव्हे. संत थॉमस अक्वायनस यांनी विवेक या सद्‌गुणाचे विवेचन करताना त्याची अनेक अंगे सांगितली आहेत. पुढचे पाहून व्यवस्था लावणे, म्हणजे दूरदृष्टी, हे त्यांतील मुख्य अंग. अनुभवाची आठवण ठेवणे, सभोवतीची परिस्थिती न्याहाळणे, संभाव्य अडचणींपासून सावध राहणे ही आणखी काही. आणि एक अंग असे की जे आपण सहसा विसरतो : दुसऱ्याकडून शिकण्याची तयारी. व्यवहारातल्या गोष्टी इतक्या नाना प्रकारच्या असतात की कुणा एकट्याला त्या सगळ्या सुचणे शक्य नाही, म्हणून वडीलधाऱ्यांना आणि अनुभवी माणसांना विचारावे, असे संत थॉमस सांगतात. तेव्हा निघण्यापूर्वी त्या शहरात राहून आलेल्या आपल्याच गावच्या कुणाला तरी भेटणे, भाडे परवडेल का याचा पगाराशी ताळा घालणे, कामाच्या ठिकाणापासून घर किती लांब आहे हे एकदा जाऊन पाहणे, हे सारे सद्‌गुणातच मोडते.

मात्र संत थॉमस आणखी एका गोष्टीकडे लक्ष वेधतात. विवेकासारखे दिसणारे पण विवेक नसलेले असेही एक शहाणपण असते. ते स्वतःच्या सुखसोयीलाच अखेरचे ध्येय मानते. आपली तयारीची यादी एकदा या दृष्टीने वाचून पाहावी. पाणी चोवीस तास आहे का? शाळा चांगली आहे का? बाजार जवळ आहे का? प्रत्येक प्रश्न योग्यच आहे. पण सगळ्या प्रश्नांचा रोख एकच : मला काय मिळणार? माझ्या तिथे जाण्याने तिथल्या माणसांना काय मिळणार, हा रकाना यादीत नसतोच.

भाड्याच्या घराचा करार आपल्याकडे बहुधा अकरा महिन्यांचा होतो. ही प्रथा जुन्या कायद्यातून आली. एक वर्षाहून अधिक मुदतीच्या भाडेपट्ट्याची नोंदणी १९०८ च्या नोंदणी कायद्याने सक्तीची होती, म्हणून लोक मुदत अकरा महिन्यांची ठेवू लागले. महाराष्ट्राच्या १९९९ च्या भाडेनियंत्रण कायद्याने 'लीव्ह अँड लायसन्स'चा करार कितीही मुदतीचा असला तरी नोंदणी आवश्यक केली. म्हणजे अकरा महिन्यांचे मूळ कारण उरले नाही, सवय मात्र उरली. कागदावरच्या अकरा महिन्यांबद्दल कुणाची तक्रार नाही. पण हळूहळू मनही अकरा महिन्यांचे होते, ही चिंतेची गोष्ट आहे. अशा मनाला शेजाऱ्याचे नाव ठाऊक नसते. इमारतीची सभा म्हणजे मालकाचे काम असे त्याला वाटते. रस्त्यातला खड्डा, तुंबलेले गटार, बंद पडलेली शाळा, यांतले काहीच त्याचे नसते.

हे मन कसे असते ते आपल्या वसईकरांना वेगळे सांगायला नको. गेल्या तीन-चार दशकांत मुंबईतील जागा परवडेनाशा झाल्यामुळे हजारो कुटुंबे इकडे आली. २०११ च्या जनगणनेत वसई-विरार शहराची लोकसंख्या १२ लाखांच्या वर गेली होती. त्या काळात आपल्या ओट्यांवर एक तक्रार नेहमी ऐकू येई आणि अजूनही येते : "हे लोक इथे फक्त झोपायला येतात. सकाळची लोकल पकडतात, रात्रीच्या लोकलने परततात. यांना वसईचे काय पडले आहे?" गावातल्या विहिरींचे पाणी टँकर उपसून नेत होते, बावखले बुजत होती, वाड्यांवर इमारती चढत होत्या. त्या वेळी हरित वसईच्या चळवळीत आपली माणसे रस्त्यावर उतरली. नव्याने आलेल्यांनीही या भूमीला आपली मानावे, असे आपल्याला मनापासून वाटत होते.

मग आता आपला मुलगा पुण्याला राहायला जातो तेव्हा तीच अपेक्षा त्याच्याकडून पुणेकरांनी करू नये काय? पुणे शहराचे पाणी मुख्यतः खडकवासला, पानशेत, वरसगाव आणि टेमघर या धरणांतून येते. त्याच पाण्यावर खाली दौंड आणि इंदापूर तालुक्यांतील शेतीही अवलंबून आहे. नव्या सदनिकेत पहिल्या दिवशी नळ सोडला, की त्या शेतकऱ्याशी आपला संबंध जोडला गेला. पुण्यात 'स्वच्छ' ही कचरावेचकांची सहकारी संस्था २००८ मध्ये महापालिकेशी करार करून दारोदारचा कचरा उचलू लागली. ओला-सुका कचरा एकत्र करून दाराबाहेर ठेवला, तर कुणातरी बाईला तो हाताने निवडावा लागतो. मी दोन वर्षांसाठी आलो की वीस वर्षांसाठी, यामुळे तिच्या हाताला काही फरक पडत नाही. माझे वास्तव्य तात्पुरते असेल, पण माझ्या वागण्याचा भार ज्याच्यावर पडतो तो माणूस तात्पुरता नाही. देणे निर्माण होते ते इथेच.

पवित्र शास्त्रात याच विषयावरचा एक प्रसंग आहे. इ. स. पूर्व ५९७ साली यरुशलेमची बरीच माणसे कैद करून बाबेलला नेण्यात आली. ही माणसे आपल्या खुशीने गेली नव्हती, हे लक्षात ठेवावे. ते किती दिवस तिथे राहणार? हनन्या नावाच्या संदेष्ट्याने जाहीर केले की, दोन वर्षांत सगळे परत येईल. लोकांना ते आवडले. यिर्मयाही प्रथम म्हणाला की तसेच होवो. परंतु ते खरे नव्हते, हे त्याला ठाऊक होते. त्याने बंदिवानांना पत्र पाठवले. त्याचा आशय असा की, सत्तर वर्षे लागतील; तेव्हा घरे बांधा, बागा लावा, मुलामुलींची लग्ने करा, आणि ज्या नगरात तुम्हाला नेले आहे त्याच्या भल्यासाठी झटा व प्रार्थना करा, कारण त्याच्या कल्याणात तुमचे कल्याण आहे. शत्रूच्या शहरासाठी प्रार्थना! यिर्मयाच्या ग्रंथाचे २८ आणि २९ हे दोन अध्याय या आठवड्यात घरी अवश्य वाचावेत. दोन वर्षांचे आश्वासन लोकांना बोचके उघडू देत नव्हते. यिर्मयाने त्यांना बोचके उघडायला सांगितले.

ख्रिस्तसभेचा कायदाही याबाबतीत विचार करण्याजोगा आहे. १९८३ च्या कॅनन लॉप्रमाणे एखाद्या धर्मग्रामात कायम राहण्याच्या हेतूने आलेला, किंवा पूर्ण पाच वर्षे राहिलेला माणूस तिथला रहिवासी ठरतो. पण थोड्या मुदतीच्या रहिवाशालाही त्यात स्थान आहे. निदान तीन महिने राहण्याचा हेतू असला, किंवा तीन महिने प्रत्यक्ष राहिला, तरी तो त्या धर्मग्रामाचा होतो आणि तिथला धर्मगुरू त्याचा धर्मगुरू होतो. ज्याचे कुठेच घर नाही अशा भटक्यालाही, तो ज्या ठिकाणी असेल तिथला धर्मगुरू त्याचाच. 'मी इथला नाही' असे म्हणण्याची सवलत कायद्याने फार काळ दिलेली नाही. आणि 'पॅरिश' हा शब्द तरी कुठून आला? 'पारोइकिया' या ग्रीक शब्दापासून. त्याचा अर्थ परक्या ठिकाणी केलेले वास्तव्य. पिढ्यान् पिढ्या जिला आपण आपली हक्काची जागा म्हणतो, तिचे नावच आपल्याला सांगते की आपण सगळे बिऱ्हाडकरू आहोत.

बिऱ्हाडकरू माणूस शहराला काय देऊ शकतो, याचे उदाहरण इतिहासात आहे. तत्त्वज्ञ ॲरिस्टॉटल मूळचा स्टॅगिरा या गावचा. अथेन्समध्ये तो परका रहिवासी होता. अशा रहिवाशांना तिथे मताचा अधिकार नसे, आणि सहसा जमीनही घेता येत नसे. तरीही इ. स. पूर्व ३३५ च्या सुमारास त्याने त्याच शहरात आपले विद्यालय उभारले. बारा वर्षांनी त्याला अथेन्स सोडावे लागले. शहर कधीच त्याच्या नावावर झाले नाही, पण त्याने दिलेले तिथे राहिले.

यावर कुणी म्हणेल, "फादर, बारा तासांची नोकरी, दोन तासांचा प्रवास. शहराचे भले करायला वेळ कुठे आहे?" हे खरे आहे, आणि देणे हे ऐपतीप्रमाणेच असते. पण इमारतीच्या वॉचमनला नावाने हाक मारायला, समोरच्या घरातील एकट्या आजींची चौकशी करायला किती वेळ लागतो?

दुसरा आक्षेप अधिक खोल आहे. नव्या शहराला मन दिले, तर मागे राहिलेल्यांशी तो दगा होणार नाही का? ओट्यावर बसून वाट पाहणाऱ्या आईला, मुलगा तिथे रमला याचा आनंद होतो आणि दुःखही होते. माझे उत्तर असे आहे : प्रेम हे शिधापत्रिकेवरच्या धान्यासारखे मोजून मिळत नाही, एका ठिकाणी दिले म्हणून दुसऱ्या ठिकाणी कमी पडेल असे नाही. मात्र वेळ आणि पैसा मोजूनच मिळतात. म्हणून आईवडिलांच्या बाबतीत "येत जाईन" असे मोघम बोलू नये. महिन्यातला कोणता रविवार, औषधांचा खर्च कोण करणार, रात्री-अपरात्री काही झाले तर शेजारच्या कुणाला फोन जाणार, हे निघण्यापूर्वी भावंडांनी एकत्र बसून ठरवावे. 'दोनच वर्षे' या शब्दांनी त्यांची समजूत घालण्यापेक्षा त्यांना खरे सांगावे. दोनाची दहा झालेली आपण पुष्कळ पाहिली आहेत.

तेव्हा तयारीच्या यादीत काही ओळी वाढवू या. जाण्यापूर्वी कुणाचे पैसे द्यायचे असतील ते द्यावेत, कुणाशी बोलणे बंद असेल तर ते सुरू करावे. गायकवृंदात, युवा गटात, आपल्या छोट्या ख्रिस्ती समूहात जी जबाबदारी होती ती कुणाच्या तरी हाती सोपवावी. तिथे पोहोचल्यावर पहिल्या तीन महिन्यांत जवळच्या चर्चमध्ये जाऊन कुटुंबाची नोंद करावी. मतदारयादीतील पत्ता बदलण्यासाठी ८ क्रमांकाचा अर्ज भरावा. आपण नेहमी जिथे राहतो तिथलेच मतदार असावे असे देशाचा कायदाही म्हणतो. एखाद्या ठिकाणी केवळ स्वतःचे घर आहे, एवढ्यावरून आपण तिथले रहिवासी ठरत नाही.

आणि जे जाणार नाहीत, त्यांच्यासाठीही एक ओळ. आपल्या आळीत, आपल्याच वाडीतील खोल्यांत परगावची माणसे भाड्याने राहत आहेत. कुणी उत्तर प्रदेशातून आले आहेत, कुणी कोकणातून, कुणी झारखंडच्या धर्मग्रामातून. त्यांचीही कुठेतरी ओट्यावर वाट पाहिली जात आहे. ज्या आपुलकीने आपल्या मुलाला पुण्यात कुणी घरात बोलवावे असे आपल्याला वाटते, त्या आपुलकीने आपण त्यांना कधी बोलावले आहे का? या रविवारी मिस्सानंतर त्यांच्यापैकी एकाची तरी ओळख करून घ्यावी.

या वर्षी जे निघणार आहेत त्यांनी जाण्यापूर्वी मला भेटावे. दाखला तर मिळेलच. सोबत आपल्या सगळ्यांचा आशीर्वादही घेऊन जावा, आणि नव्या घरात पोहोचल्यावर पहिल्या रात्री कुटुंबाने एकत्र बसून त्या शहरासाठी एक प्रार्थना करावी.

प्रभूमध्ये आपला,
धर्मगुरू