ताकीद कोणाला?

पंचानें प्रशिक्षकाशीं बोलूंच नये, त्यानें निःपक्षपातास बाध येतो, असें पुष्कळांस वाटतें. आम्हांस तें पटत नाहीं. अमेरिकन खुल्या टेनिस स्पर्धेंतील 2018 चा महिलांचा अंतिम सामना पाहा. सेरेना विल्यम्सच्या प्रशिक्षकानें प्रेक्षकांतून हातानें खूण केली. पंच कार्लोस रामोस यांनीं ताकीद दिली ती सेरेनाला. प्रशिक्षकानें मागाहून खूण कबूल केली. पण तिनें ती पाहिली असेल असें आपणांस वाटत नाहीं, असेंही तो म्हणाला. (पुढें रॅकेट मोडणें व पंचांस चोर म्हणणें, हे अपराध मात्र सर्वस्वीं तिचेच.) नियम पंचांच्या बाजूस होता. वस्तादानें पढविलें तर लाभ पठ्ठ्याचाच, हा युक्तिवादही आम्ही जाणतों. परंतु न पाहिलेल्या खुणेचा लाभ तो कोणता? सामन्यापूर्वीं दोन्ही प्रशिक्षकांस सारखेंच व उघडपणें बजाविलें असतें, तर त्यांत पक्षपात कसला? फुटबॉलमध्यें 2019 पासून पंच प्रशिक्षकालाच पिवळें कार्ड दाखवूं शकतो. टेनिसनें 2025 पासून ठराविक वेळीं सल्ला देण्याचीच मुभा दिली. त्यायोगें तंटा मिटला. सेरेनाची ताकीद मात्र नोंदींत तशीच राहिली.