अर्धसंपत्ती

गेल्या वैशाखात अमळनेरच्या घरी, दुपारी भोजनोत्तर घटकाभर पडून उठल्यावर, सकाळी अर्धवट टाकलेला लेख पुरा करावा म्हणून मी टेबलावरच्या संगणकाची कळ दाबली, तेव्हा आतला पंखा फिरू लागला, दर्शनी दिवा लागला, पेटीला हात लावला तर ती कोमटही लागली. परंतु पडदा काळा तो काळाच राहिला, आणि पुढे अर्धा तास कळफलकाची व माउसची नाना प्रकारे मनधरणी करूनही त्या यंत्राने हूं की चूं केले नाही. तीन आठवड्यांतली ही पाचवी खेप होती. अखेर मुख्य कळ दाबून धरून त्याचे प्राण हरण केले आणि पुन्हा घातले. यंत्र उठले, पण जतन करण्याचा मी आळस केलेले सकाळचे दीड पान कायमचे गेले.

या अवस्थेला आमच्याकडे 'हँग झाला' म्हणतात, आणि त्या दोन शब्दांत सर्वांचे समाधान होते. माझे झाले नाही. यंत्र निजलेले म्हणावे तर पंखा फिरत होता; जागे म्हणावे तर ओ देत नव्हते; मेलेले म्हणावे तर अंगात ऊब होती. ब्रह्मसूत्रांच्या तिसऱ्या अध्यायाच्या दुसऱ्या पादात बादरायणांनी अशाच एका अडनिड्या अवस्थेसाठी, म्हणजे मूर्च्छेसाठी, स्वतंत्र अधिकरण खर्ची घातले आहे, आणि तेथे शंकराचार्यांसारखा भाष्यकार ब्रह्मविचार क्षणभर बाजूस ठेवून एखाद्या वैद्याच्या बारकाईने लिहितो, की निजलेल्याचे मुख प्रसन्न असते, श्वास संथ चालतो, डोळे मिटलेले असतात, तर मूर्च्छिताचे मुख भयाण, डोळे विस्फारलेले, श्वास बराच वेळ कोंडलेला; पहिला हाताच्या स्पर्शाने उठतो, दुसरा मुद्गराच्या प्रहारानेही उठत नाही; आणि हा आहे की गेला याची खात्री करण्यासाठी लोक त्याच्या छातीशी हात नेऊन ऊब व नाकाशी नेऊन श्वास पाहतात. जागृती, स्वप्न, सुषुप्ती, मरण या चारही रकान्यांत ही अवस्था बसेना, तेव्हा परिशेषाने, म्हणजे बाकीचे पर्याय एकेक करून खोडल्यावर जे उरते त्या न्यायाने, तिला 'अर्धसंपत्ती' म्हटले आहे. अर्धे पोहोचणे, आणि तेथेच अडकणे.

दर बुधवारी धुळ्याहून इकडे फेरी करणारा दुरुस्तीचा मुलगा आला, त्याने यंत्र मुद्दाम निजवून उठवले, आणि ते पुन्हा अडकल्यावर पहिली गोष्ट केली ती न्यूम लॉकची कळ दाबून पाहण्याची. "आप्पा, हा दिवा बघा. कळ दाबली की लागला-विझला पाहिजे. जागचा हलत नाही. म्हणजे नुसता मॉनिटर झोपलेला नाही, आतूनच अडकलंय." भाष्य त्याने वाचलेले नाही, छातीशी हात नेण्याची रीत मात्र तीच. मग त्याने परिशेष आरंभिला: प्रिंटर सोडवला, निजवून पाहिले, रॅमची पट्टी काढून पुसून बसवली, निजवून पाहिले, आणि तासाभराने ग्राफिक्स कार्डाच्या ड्रायव्हरवर बोट ठेवले.

कारण त्याने समजावले ते असे. संगणकाच्या निद्रेचा जो शिरस्ता इंटेल, मायक्रोसॉफ्ट आणि तोशिबा यांनी १९९६ साली एसीपीआय या नावाने घालून दिला, त्यातील एस-३ नामक निद्रेत प्रोसेसरची वीज तोडतात, डिस्क थांबते, आणि एकट्या रॅमला जगण्यापुरती वीज मिळत राहते. तिच्या अतिसूक्ष्म कोठ्यांतला विद्युद्भार सतत गळत असल्यामुळे तो सामान्यतः दर ६४ मिलिसेकंदांच्या आत पुन्हा भरावा लागतो. जाग येताच प्रत्येक खात्याच्या कारकुनाने, म्हणजे ड्रायव्हरने, आपापले उपकरण कामावर रुजू करून घ्यायचे असते. एकाने हजेरी दिली नाही, की सगळी कचेरी त्याची वाट पाहत तहकूब.

मूर्च्छेच्या आधीचेच अधिकरण विचारते, की निजला तोच उठतो, की पाण्याच्या राशीत टाकलेला थेंब जसा पुन्हा तोच म्हणून काढता येत नाही, तसा कोणीतरी दुसराच? उत्तर आहे, तोच. कारण आदल्या दिवशी अर्धे टाकलेले काम तो पुढे चालवतो, आणि पूर्वीचे त्याला आठवते. या दोन कसोट्या लावल्या तर माझ्या दीड पानाचा धनी उठलाच नाही. त्याच्या गादीवर दुसरा कोणी बसला. आणि भार पुन्हापुन्हा भरत रॅमवर जो सारा वेळ पहारा होता, त्याला वेदान्तातला साक्षी, म्हणजे नुसता पाहणारा, म्हणण्याचा मोह मला झाला, पण दप्तरखान्याचा पहारेकरी दप्तर वाचीत नाही. स्मृती राखणे वेगळे, स्मरणे वेगळे.

या गावात प्रताप शेठ यांनी १९१६ साली तत्त्वज्ञान मंदिर स्थापिले, आणि त्याच परंपरेतले मलकानी, रासविहारी दास व टी. आर. व्ही. मूर्ती या तिघांचा 'अज्ञान' हा इंग्रजी ग्रंथ १९३३ साली निघाला. तेव्हा झोपेची चौकशी आमच्या बोरी नदीकाठी नवी नाही. गाढ झोपेतून उठलेला म्हणतो, सुखाने निजलो होतो, काहीच कळले नाही. अद्वैती म्हणतात, ही स्मृती आहे, आणि अनुभवावाचून स्मृती नाही. म्हणून त्या काहीच-न-कळण्यालाही कोणी साक्षी होता. नैयायिक म्हणतात, छे, हे अनुमान. अंगाचा हलकेपणा पाहून उठल्यावर बसवलेले. माझ्या यंत्राचे बयान येथे वाचण्यासारखे आहे. बळाने उठवल्यानंतर त्याच्या नोंदवहीत ४१ क्रमांकाची नोंद सापडली, की यापूर्वी रीतसर बंद न होताच आपण पुन्हा सुरू झालो. ही नोंद मूर्च्छेत लिहिलेली नव्हे. जागे झाल्यावर त्याने वही उघडली, बंद होतानाची खूण तीत दिसली नाही, आणि त्यावरून घडले असेल ते ताडले. यंत्र पक्के नैयायिक आहे. आणि मी, घड्याळाकडे न पाहता, अंग न चाचपता, छान झोप लागली असे पत्नीला सांगणारा, अद्वैताच्या बाजूचा साक्षीदार आहे, असे मी त्या मुलास मोठ्या उत्साहाने सांगितले.

तो स्क्रू पिळीत म्हणाला, "दोन वर्षांमागे पारोळ्याच्या अलीकडे हायवेवर गाडीवरून पडलो होतो, आप्पा. शुद्ध आली ती धुळ्याच्या दवाखान्यात. मधलं काहीच नाही. झोपेतनं उठल्यावर कसं, रात्र गेली असं वाटतं, तसंसुद्धा नाही. हातातली सलाईन बघितली, तेव्हा कळलं काहीतरी झालंय."

मी त्याला विचारले, सुखाने होतो असे तरी वाटले का? तो हसला. भाष्यकारांनी झोपेचे कारण श्रम आणि मूर्च्छेचे कारण आघात असा भेद केला आहे, एवढे मला आठवले. पण साक्षी दोन्हीकडे सारखाच असेल, तर एकीकडे तो बोलतो आणि दुसरीकडे हातातली सलाईन पाहून अनुमान करावे लागते, याचा उलगडा त्या दुपारी मला करता आला नाही, आणि अजूनही नीटसा झालेला नाही. त्याने नवा ड्रायव्हर घातला, यंत्र तीनदा निजवून तीनदा उठवून दाखवले, चहा घेतला, आणि जाताना दारातून सांगितले, "तरी लिहिलेलं सेव्ह करत जा."