मोगलीची सरकारी नोकरी

माझी आत्या नागपूरच्या एका कॉलेजात संस्कृत शिकवायची. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, पण समोरच्याची तोंडी परीक्षा घ्यायची सवय काही सुटलेली नाही. पुढचं संभाषण वाचताना तेवढं ध्यानात असू द्यावं. पेंचच्या सिल्लारी गेटवरून आम्ही परत निघालो होतो. मानसरला जबलपूर रोड सोडून रामटेककडे वळलो, कारण तिला कालिदास स्मारकापाशी घटकाभर टेकायचं होतं. माझा सहा वर्षांचा मुलगा तिथल्या वानरांत रमला होता. विषय मीच काढला.

मी : याला आता मोगली दाखवायचा म्हणतो, आत्या. पण कोणता, हेच ठरत नाही.

आत्या : मोगली काय दहा-बारा आहेत का?

मी : तसेच म्हण. जिकडेतिकडे तो २०१६ चा इंग्रजी पिक्चर मिळतो. मित्राच्या घरी यानं त्यातला थोडासा पाहिलाही. मला ते खपत नाही.

आत्या : काहून? वाईट आहे का तो?

मी : नाही नं, तीच तर पंचाईत आहे. चांगला आहे. थिएटरात जाऊन पाहिला मी. आपल्याकडे तर तो अमेरिकेच्या आठवडाभर आधी लागला होता. हिंदीत शेरखानचा आवाज पुन्हा नाना पाटेकरांचा, बल्लूला इरफान, बगीराला ओम पुरी. जाहिरातीसाठी जुनं शीर्षकगीतही नव्यानं केलं होतं. आत असताना डोळे भरून आले आणि बाहेर आल्यावर डोकं फिरलं. कोणी आपल्याच स्वयंपाकघरात शिरावं, आपल्याच भांड्यांत रांधावं आणि वर आपल्यालाच पाहुण्यासारखं पाटावर बसवावं, तसं वाटलं.

आत्या : जेवलास मात्र पोटभर.

मी : जेवलो. म्हणून तर राग जास्त आला.

आत्या : बरं, मग तुझा खरा मोगली कोणता?

मी : दूरदर्शनचा. १९९३. रविवारची सकाळ, अख्खी गल्ली सामसूम.

आत्या : तो कोणी केला होता?

मी : जपान्यांनी. निप्पॉन ॲनिमेशन म्हणून कंपनी आहे, तिची ५२ भागांची मालिका, १९८९ ची. आपल्याकडे हिंदीत आली.

आत्या : म्हणजे मुंबईत जन्मलेल्या इंग्रजानं सिवनीच्या जंगलाची गोष्ट लिहिली, जपान्यांनी तिची चित्रं काढली, गुलजारांनी गाणं लिहिलं, विशाल भारद्वाजांनी चाल दिली, मुरूडकडच्या माणसानं वाघाला आवाज दिला, आणि तू नागपुरात बसून म्हणून राहिला की हाच खरा.

मी : एवढंच नाही. त्या मोगलीच्या हातात बूमरँग होतं. ऑस्ट्रेलियातलं हत्यार वैनगंगेच्या काठी! आम्हाला कोणालाच ते खटकलं नाही. उलट आम्ही पुठ्ठ्याची बूमरँगं कापली. आणि आता विचार करतो तर मला जे सर्वांत जवळचं वाटतं, ते गाणं आणि तो आवाज, दोन्ही जपानीत नव्हतं. ते इथे आल्यावर चिकटलं.

आत्या : मग रुसवा कशाचा? गोष्ट बदलली याचा तर नाही. बदललेलीच तुला आवडली.

मी : त्यावर माझं एक म्हणणं आहे. जे आधी लिहिलं गेलं ते मूळ, हे तुमच्या पाठचिकित्सावाल्यांचं. पोरासाठी जे आधी भेटलं ते मूळ. त्यानंतरचं सगळं त्याच्याशी ताडून बघितलं जातं. म्हणूनच याला काय आधी दाखवायचं, याची मला एवढी काळजी. माझ्या हातात याचं ‘मूळ’ आहे.

आत्या : आणि ते तू ठरवणार.

मी : मी नाही ठरवलं तर तो नवा पिक्चर काढणारी कंपनी ठरवेल.

आत्या : म्हणजे कंपनीनं केलं तर घुसखोरी आणि बापानं केलं तर संस्कार. बरं आहे. किपलिंगचं पुस्तक वाचलंस का?

मी : मोठेपणी. खरं सांगू? पहिल्यांदा तेही नकलीच वाटलं. आमचा शेरखान कसा दरारा असलेला. पुस्तकात तो जन्मापासून लंगडा, आईच त्याला ‘लंगडी’ म्हणते. पण एक गोष्ट वाचून गंमत वाटली. मोगलीवरची किपलिंगची पहिली छापील कथा बालपणाची नाहीच. ‘इन द रुख’ नावाची ती कथा १८९३ ची, ‘जंगल बुक’च्या एक वर्ष आधीची. तिच्यात मोगली मोठा झालेला आहे, लग्न करतो आणि वनखात्यात नोकरीला लागतो. पगार, पेन्शन, सगळं.

आत्या : (हसून) वनरक्षक! म्हणजे शेवट आधी ठरला आणि बालपण मागून आलं. लेखकानंच स्वतःच्या गोष्टीचं पुनर्कथन केलं म्हण की. आता मला सांग, पोराला मूळच द्यायचं तर सरकारी नोकरीपासून सुरुवात करशील?

या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं, आणि आत्याला ते नकोच होतं. ती समोरच्या टेकडीकडे बघत होती. मेघदूतातला रामगिरी म्हणजे हाच रामटेक, हे मत नागपूरच्या महामहोपाध्याय वा. वि. मिराशींनी हिरिरीने मांडलं, आणि मिराशींचं नाव तिच्यापुढे जपूनच घ्यावं लागतं. पण ती मेघदूतावर बोलली नाही.

आत्या : तुला माझं दुखणं सांगते. शाकुंतल मी जन्मभर शिकवलं. महाभारतात, आदिपर्वात, दुष्यंताला सगळं आठवत असतं. भर दरबारात तो शकुंतलेला धडधडीत नाकारतो. आणि ती रडत बसत नाही. राजाला अशी फैलावर घेते की वाचताना आपली मान ताठ होते. शेवटी आकाशवाणी होते तेव्हा हा म्हणतो, मला ठाऊक होतं, पण नुसत्या हिच्या शब्दावर मुलाला स्वीकारलं असतं तर लोकांनी शंका घेतली असती. कालिदासानं काय केलं? दुर्वासाचा शाप आणला, अंगठी आणली, मासा आणला. राजा विसरला बिचारा! दोष शापाचा.

मी : म्हणजे कालिदासानं राजाला वाचवलं.

आत्या : वाचवलं. आणि इतकं सुंदर वाचवलं की आज शकुंतला म्हटलं की लोकांना अंगठी आठवते, दरबारातलं तिचं बोलणं कोणाला आठवत नाही. माझ्या विद्यार्थिनींना मी अंगठीच शिकवली. मला व्यासांची शकुंतला हवीशी वाटते आणि चौथा अंक वाचताना गळा कालिदासामुळे दाटतो. तुझ्या थिएटरसारखंच. म्हणून पुनर्कथन समोर आलं की मी ते मुळाला धरून आहे का, हे विचारत नाही. ते कोणाला माफ करून राहिलं, ते बघते.

मी : थांब, हे मोगलीला लावून बघू. किपलिंगपासून. एका गोष्टीत गावकरी मेसुआला, म्हणजे मोगलीला पोटच्या पोरासारखं मानणाऱ्या बाईला, चेटकीण ठरवून जाळायला निघतात. मोगली हत्तींकरवी ते गाव उद्ध्वस्त करतो. आणि मेसुआ नवऱ्यासोबत न्याय मागायला कुठे जाते? कान्हीवाड्याला, इंग्रजांकडे. गावकरी मूर्ख, जंगल कडक पण न्यायी, आणि त्या दोघांच्या वर साहेब.

आत्या : झालं तर. किपलिंगनं साहेबाला माफ केलं. त्याच्या दप्तरात तुझ्या मोगलीला नोकरीही दिली. तेव्हा सिवनीचा कारभार मध्यप्रांतात, म्हणजे नागपूरहूनच चालायचा. साहेब फार लांब नव्हता.

मी : अजून एक ऐक. लांडग्यांच्या कळपावर शेवटी चालून येतात ते रानकुत्रे, ढोल. ते येतात दख्खनमधून. सिवनीच्या दक्षिणेला कोण, आपणच की!

आत्या : चला, नागपूरकरांचा उल्लेख झाला एकदाचा. पुढे?

मी : १९६७ चा डिस्नेचा. वॉल्ट डिस्नेनं आपल्या लेखकाला पुस्तक वाचूच नको असं बजावलं होतं म्हणतात. त्यात ओरांगउटानचा राजा आहे, आणि ओरांगउटान भारतात मुळी नाहीच. शेवटी पाण्याला आलेल्या पोरीमागे मोगली गावात जातो. तिथे माफ करायला कोणीच उरत नाही, सगळेच गाण्यात दंग. २०१६ वाल्यांनी निदान तो राजा बदलला. जायगँटोपिथेकस, आशियातला नामशेष झालेला महाकाय वानर. जंगल मात्र जवळजवळ अख्खं संगणकातलं, लॉस एंजेलिसच्या स्टुडिओत पोरगा तेवढा खरा.

आत्या : आणि माफी?

मी : त्यात मोगली गावातून आग आणतो. त्याच्या मशालीच्या ठिणग्यांनी जंगल पेटतं. हत्ती नदीचं पाणी वळवून वणवा विझवतात. आणि शेवटी मोगली जंगलातच राहतो, सगळ्यांच्या कौतुकात. अरे, हे माझ्या आधी लक्षातच आलं नाही! जंगल पेटवलं ते पोटात घातलं गेलं. माणसानं युक्त्या कराव्यात, यंत्रं करावीत, आग लावावी, आणि जंगलानं त्याला पोटाशी धरावं. शहरातल्या माणसाला याहून सोयीचं काय?

आत्या : आता तुझ्या रविवारच्या मोगलीनं कोणाला माफ केलं?

मी : ते मला सांगता येणार नाही.

आत्या : येणार नाही की सांगायचं नाही?

मी : दिसतच नाही. चड्डीतलं पोरगं लांडग्यांच्या घरात वाढतं, अस्वल त्याला शिकवतं, अजगर त्याचा मित्र असतो. मी सहा-सात वर्षांचा, वडील बदलीच्या गावी. मला त्या घरात जागा होती. तिथे काय झाकलं होतं ते बघायला गेलो तर मला बाहेर येऊन उभं राहावं लागेल.

आत्या : मी चौथ्या अंकातून बाहेर येते आणि पुन्हा आत जाते. दोन्ही जमतं. फक्त आत असताना बाहेरचं नाही असं म्हणायचं नाही.

इथे मला वाटलं, आत्यानं विषय जरा सोपा करून टाकला. कालिदासाच्या आणि आमच्या काळात एक फरक आहे, तो मी सोडायला तयार नव्हतो.

मी : पण कालिदासानं आदिपर्व कोणाच्या घरातून उचलून नेलं नाही. कीर्तनकार शकुंतला सांगत राहिले, ज्यानं त्यानं आपापली सांगितली. एकनाथांनी रामायण सांगितलं, गदिमांनी सांगितलं, आणि गोंडांकडे रामायणातल्या पात्रांच्या वेगळ्याच गोष्टी आहेत. इथे एका कंपनीकडे एवढा पैसा की तिची आवृत्ती खेळण्यावर, दप्तरावर, टिफिनवर. माझ्या मोगलीला कुठे जागा आहे? पुनर्कथनाला माझी ना नाही. एकाच घशातून सगळ्यांना गोष्ट ऐकू यावी, याला आहे.

आत्या : हे मात्र तू खरं बोललास. पण मग तुझी तक्रार गोष्टी जास्त झाल्याची नाही, कमी झाल्याची आहे. आणि त्यावर इलाज म्हणून तू पोराला अजून एकच देणार, तुझी.

मी : मग काय करू? दोन्ही दाखवू?

आत्या : दाखव नं. भांडण लागेल, लागू दे. मला सांग, आज सकाळी सिल्लारीत जिप्सीत बसून आपण काय पाहिलं?

मी : चितळ, सांबर. वाघ नाही.

आत्या : आणि गेटावर तो गाईड काय म्हणाला? उन्हाळ्यात मोहफुलं वेचायला पहाटे बाया जातात तेव्हा घरच्यांचा जीव टांगणीला असतो. पारशिवनी-रामटेककडच्या गावात वाघ आला की शाळेच्या वाटेवर पोरांना एकटं सोडत नाहीत. आता तुझ्या या सगळ्या मोगल्यांत त्या बाईची गोष्ट कोणती? किपलिंगच्या गावात ती मूर्ख. पिक्चरमध्ये गाव म्हणजे रात्री दिसणारा लांबचा उजेड. तुझ्या जपानी मालिकेचं मला माहीत नाही.

मी : तिच्या पोराला लांडग्यांनी नाही, वाघानं नेलं असेल.

आत्या : किंवा नसेलही नेलं. तिला जंगल आवडतही असेल, तिचं अर्धं वर्ष त्यावर चालतं. आपण कोण ठरवणार? पण ती सांगायला लागली की शेरखान कोणाच्या आवाजात बोलेल, ते मला ऐकायचं आहे.

मी : आणि तिनं नानांच्या शेरखानला पार मोडीत काढलं तर?

आत्या : तर तू पुन्हा चिडशील. तेव्हा मात्र हक्कानं चीड, कारण तेव्हा तुझ्यासमोर कंपनी नसेल.

तेवढ्यात मुलगा धावत आला. वानराच्या पिल्लानं त्याच्या हातातला फुटाण्यांचा पुडा पळवला होता. त्याला ते फार आवडलं होतं आणि तो तेच पुन्हापुन्हा सांगत होता, प्रत्येक वेळी पुडा थोडा मोठा होत होता. गाडीत बसल्यावर मी त्याला विचारलं, जुना मोगली बघायचा का, बूमरँगवाला. तो म्हणाला, “नवीन आधी.” आत्या खिडकीबाहेर बघत होती, पण हसत होती ते मला आरशात दिसलं. मी म्हटलं, बरं, शनिवारी नवीन, पण रविवारी सकाळी जुना, आणि मधल्या रात्री मी सांगेन तो मोगली. तो कसा असतो, असं त्यानं विचारलं. वनखात्यात नोकरीला असतो, मी म्हटलं.

“म्हणजे तो आज गेटवर होता का?”