रिकामा कॅमेरा

१९८२ साली पोलंडच्या न्यायालयांत एक चमत्कारिक प्रकार चालला होता. देशात लष्करी कायदा होता. भिंतीवर घोषणा रंगवली, पत्रकं बाळगली, एवढ्यावरून माणसं तुरुंगात जात होती. दिग्दर्शक क्रिस्तॉफ किश्लोव्स्कीला या खटल्यांवर माहितीपट करायचा होता. शिक्षा सुनावणारा आणि ती ऐकणारा, असे दोन चेहरे त्याला टिपायचे होते. पण कॅमेरा लागला की न्यायाधीश तुरुंगवास सुनावेचनात! उद्या वारं फिरलं तर हीच फीत आपल्यावर उलटेल, ही धास्ती. वकिलांच्या हे ध्यानात आलं आणि जो तो त्याला आपल्या खटल्याला बोलावू लागला. त्यानं दुसरा कॅमेरा मिळवला. त्यात कधीकधी फिल्मही नसायची. माहितीपट झालाच नाही. आरोपी मात्र घरी गेले.

ऐंशीच्या दशकातला पोलिश सिनेमा म्हणजे शूर दिग्दर्शक आणि दुष्ट सेन्सॉर, ही कहाणी मला म्हणूनच अपुरी वाटते. पैसा सरकारचाच होता. दिग्दर्शकांचे निर्मितीगट त्यावर चालत आणि पटकथेच्या निवडीत त्यांचा शब्द बराच चाले. एकच सरकार सिनेमाला पैसा पुरवी आणि तयार झालेला सिनेमा कुलपात टाकी. स्टालिनकाळात अटक झालेल्या गायिकेची गोष्ट सांगणारा रिशार्ड बुगायस्कीचा 'इंटरॉगेशन' असाच १९८२पासून अडकला; लोकांनी तो चोरून, व्हिडिओ कॅसेटींवर पाहिला. तो काढणारा दिग्दर्शक आंद्झेई वायदाचा 'एक्स' गट १९८३मध्ये मोडला गेला.

वायदाचा 'मॅन ऑफ आयर्न' त्याआधीचा, सॉलिडॅरिटी या कामगार संघटनेच्या मोकळ्या महिन्यांतला. ग्दान्स्कच्या गोदीतला संप ताजा असतानाच तो उभा राहिला, संघटनेचा नेता लेख वावेंसा त्यात स्वतः दिसतो आणि १९८१मध्ये कान चित्रपट महोत्सवात त्याला सर्वोच्च पुरस्कार मिळाला. घाई जाणवतेच, वायदाचाच आधीचा 'मॅन ऑफ मार्बल' सिनेमा म्हणून कितीतरी सरस. पण त्या घाईचं मोल त्याच डिसेंबरात, रस्त्यावर रणगाडे आल्यावर कळलं.

मग गर्दी पडद्यावरून ओसरली. न्यायालयातल्या त्या खटपटीत किश्लोव्स्कीला क्रिस्तॉफ पिएसिएविच हा वकील भेटला होता. दोघांनी मिळून 'नो एंड' लिहिला: एका संपकऱ्याचा खटला, त्याचा मेलेला वकील आणि वकिलाची सैरभैर विधवा. १९८५मध्ये सरकार, विरोधक आणि चर्च, तिघांनीही त्याला झोडपलं. विरोधकांना त्यात पराभवाचा सूर खटकला. मला तो या काळातला सर्वांत प्रामाणिक सिनेमा वाटतो. हरलेल्या माणसाला उसनं धैर्य तो देत नाही.

किश्लोव्स्कीच्या १९८८च्या 'अ शॉर्ट फिल्म अबाउट किलिंग'मध्ये तर खटला जवळजवळ वगळलाच आहे. एक तरुण टॅक्सीवाल्याचा जीव घेतो. ते मारणं संपता संपत नाही. पुढे थेट निकालाचा शेवट, आणि मग फाशीची तयारी. कर्मचारी दोर ओढणारं यंत्र तपासतो, तेलपाणी करतो, खालच्या झडपेपाशी तसराळं सरकवतो. सराईत कामगाराच्या या सफाईनं खुनापेक्षा जास्त शिसारी येते. पक्षाचं नाव नाही, घोषणा नाही. तरी सरकारला इतकं जवळून कोणी दाखवलं नव्हतं. त्याच वर्षी पोलंडमध्ये शेवटची फाशी झाली.

'इंटरॉगेशन' सुटला डिसेंबर १९८९मध्ये. क्रिस्तिना यांदाला त्यातल्या भूमिकेसाठी १९९०मध्ये कानचा अभिनेत्रीचा पुरस्कार मिळाला. त्याच वर्षी सेन्सॉरची कचेरी बंद झाली, आणि चित्रपटगृहांत आता पोलिश दिग्दर्शकांची गाठ हॉलिवूडशी होती.