वारशाची बंदूक आणि वारसाचा विवेक

पूर्वजांकडून हाती येणाऱ्या बहुतेक वस्तू आपल्या विवेकाला कसलाही प्रश्न विचारीत नाहीत. आजीची पाटली, पणजोबांचे खिशातले घड्याळ, लग्नातले तांब्याचे घंगाळ ह्या वस्तू पुसाव्यात, जपाव्यात आणि वेळ येताच पुढच्या पिढीच्या स्वाधीन कराव्यात, एवढेच आपले कर्तव्य. शिकारीच्या जुन्या रायफलीचे मात्र तसे नाही. ती देखणी असते, मौल्यवान असते, तिच्या दस्त्यावर दोन-तीन पिढ्यांच्या तळहातांची झिलई चढलेली असते. तरीही तिची घडण एकाच कामासाठी झालेली असते आणि ते काम म्हणजे जीव घेणे. तेव्हा ती निगुतीने जतन करून मुलाबाळांच्या हाती देणे, ही पूर्वजांविषयीची कृतज्ञता म्हणावी की त्यांच्या हिंसेला आपण दिलेली मूक संमती?

हा प्रश्न आपल्या देशात अधिक धारदार झाला, कारण येथे रायफल राहिली आणि शिकार गेली. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीवर कडक बंधने घातली आणि १९९१ च्या दुरुस्तीनंतर हौसेच्या शिकारीला जागाच उरली नाही. नरभक्षक ठरलेल्या जनावराला मारायचे तरी ते सरकारी आदेशानेच. अशा रीतीने ज्या घरांत इंग्रजी अमलातल्या रायफली उरल्या, त्या घरांपाशी साधन राहिले, पण त्याचे प्रयोजन संपले.

प्रथम ह्या वस्तूच्या कारागिरीचा विचार करू. जुन्या जोडनळी रायफलीच्या दोन्ही नळ्या समांतर नसतात. पुढच्या टोकाकडे त्या एकमेकींकडे किंचित झुकविलेल्या असतात, जेणेकरून ठरावीक अंतरावर दोन्ही गोळ्या एकाच जागी लागाव्यात. ही जुळणी नुसत्या गणिताने होत नसे. कारागीर गोळ्या झाडून पाही, नळ्यांमधली पाचर किंचित सरकवी, पुन्हा डाख देई आणि पुन्हा झाडून पाही. नळीच्या आत कोरलेल्या मळसूत्री खाचांमुळे गोळी स्वतःभोवती फिरत सरळ जाते. दस्ता जुन्या अक्रोडाचा असतो आणि त्यावर जवसाचे तेल हाताच्या उबेने अनेकदा मुरविलेले असते.

‘वस्तू निर्दोष असते, दोष असतो तो हाताचा,’ असे आपण सहज म्हणतो. ह्या म्हणण्यात तथ्य आहे, परंतु ते अपुरे आहे. सुरी भाजीही चिरते. रायफलीची गुणवत्ता मात्र तिचा नेम किती अचूक, ह्याच कसोटीवर ठरते आणि तो नेम प्राण्याच्या हृदयावर धरलेला असतो. मग तिच्या सौंदर्याचे कौतुक तिच्या हेतूपासून वेगळे कसे करावे? ह्याला एक उत्तर आहे आणि ते जिम कॉर्बेट ह्यांच्या चरित्रात सापडते.

१९०७ साली कॉर्बेट ह्यांनी कुमाऊँमधील चंपावतच्या वाघिणीला मारले. ४३६ माणसांचे बळी तिच्या नावावर नोंदले गेले होते. तिच्या उजव्या बाजूचे वरचे आणि खालचे सुळे तुटलेले होते. कोणा शिकाऱ्याची जुनी गोळी लागून ते तुटले, त्यामुळे नेहमीचे भक्ष्य मारणे तिला अशक्य झाले आणि ती माणसांकडे वळली, असे कॉर्बेट ह्यांनी लिहून ठेवले आहे. म्हणजे ज्या अनर्थाचा शेवट बंदुकीने झाला, त्याचा आरंभही बंदुकीनेच झाला होता. कोणीतरी नेम चुकविला, जखमी जनावराचा माग काढण्याचे कष्ट घेतले नाहीत आणि त्याची किंमत शेकडो गरीब कुटुंबांनी मोजली. ह्या दृष्टीने पाहिले तर अचूकतेला स्वतःचे नैतिक मूल्य आहे. जीव घेणे अटळच असेल तर तो यातनेवाचून घ्यावा, एवढी दया त्या नळ्या जुळविणाऱ्या कारागिराच्या कष्टांत दडलेली होती. तिने शिकारीचे समर्थन होत नाही, परंतु कारागिराच्या हाताला आदर देण्यास ती पुरेशी आहे.

ह्या पराक्रमाबद्दल संयुक्त प्रांताचे नायब राज्यपाल सर जॉन ह्यूएट ह्यांनी कॉर्बेट ह्यांना लंडनच्या रिग्बी कंपनीची .२७५ बोअरची रायफल भेट दिली. तिच्या दस्त्यावर चांदीची पट्टी बसविलेली आहे आणि भेटीचे कारण तिच्यावर कोरलेले आहे. १९२६ साली रुद्रप्रयागचा नरभक्षक बिबळ्या ह्याच रायफलीने मारला गेला. पुढे कॉर्बेट ह्यांनी कॅमेरा हाती घेतला आणि वाघ वाचविण्यासाठी लेखणी झिजविली. १९४७ साली ते केनियात गेले व १९५५ साली तेथेच निवर्तले. ती रायफल त्यांच्या प्रकाशकांकडे, ऑक्सफर्ड युनिव्हर्सिटी प्रेसकडे राहिली आणि २०१५ साली रिग्बी कंपनीने ती परत मिळविली. ती कोणासाठी आणि का दिली गेली हे त्या चांदीच्या पट्टीने शंभर वर्षे सांगितले आहे, म्हणूनच ती जपण्याजोगी ठरली. पट्टी नसती, गोष्ट विसरली गेली असती, तर उरले असते ते केवळ एक महागडे हत्यार.

आता निगेकडे वळू, कारण ह्या विषयाचा मर्मभाग तेथे आहे. दुसऱ्या महायुद्धापूर्वीच्या बहुतेक काडतुसांच्या टोपीत पोटॅशियम क्लोरेट असे. बार उडाला की त्याचे क्षार नळीत बसत. हे क्षार हवेतला ओलावा ओढून घेतात आणि नळी आतून गंजते. पुष्कळांचा असा समज असतो की तेलाचा हात फिरविला म्हणजे झाले. परंतु तेलात क्षार विरघळत नाहीत, ते तेलाच्या थराखाली सुरक्षित राहून पोलाद खात बसतात. त्यावर उपाय एकच: नळीतून कढत पाणी ओतावे, ती पूर्ण कोरडी करावी आणि मगच तेल द्यावे. चामड्याच्या सुंदर पेटीत रायफल वर्षानुवर्षे ठेवणे हेही घातकच, कारण चामडे ओल धरते. आपल्या कोकणच्या पावसाळ्यात तर एका हंगामाची हयगयही महागात पडते.

कुटुंबाच्या स्मृतींचेही असेच आहे. आजोबांनी किती वाघ मारले हे आपण अभिमानाच्या तेलाने चकचकीत ठेवतो. हाकाऱ्यांमध्ये कोण जखमी झाला, कोणती वाघीण पिलांसह पडली, रानात राहणाऱ्यांच्या वाट्याला काय आले, हे मात्र त्या तेलाखाली तसेच राहते. वारसा जपायचा असेल तर आधी तो सत्याच्या कढत पाण्याने धुवावा लागतो. त्याने आजोबांविषयीचा आदर कमी होत नाही. उलट खोट्या गौरवाची गरज संपून त्यांच्यातला माणूस दिसू लागतो.

शिकाऱ्यांचा आश्रयदाता म्हणून ख्रिस्तसभा ज्यांना मानते, ते लीएजचे बिशप संत ह्युबर्ट ह्यांची आख्यायिका इथे आठवते. गुड फ्रायडेच्या दिवशी हरणाचा पाठलाग करीत असता त्यांना त्याच्या शिंगांमध्ये क्रूस दिसला आणि त्यांचे जीवन पालटले. शिकाऱ्यांनी आपला आश्रयदाता म्हणून निवडला तो शिकार थांबविणारा क्षण अनुभवलेला माणूस, ही गोष्ट विचार करण्याजोगी आहे. १९९२ च्या धर्मशिकवणीच्या ग्रंथातही अन्नवस्त्रासाठी प्राण्यांचा उपयोग मान्य करून, त्यांना विनाकारण यातना देणे मानवी प्रतिष्ठेला धरून नाही, असे सांगितले आहे.

शस्त्राचा प्रयोग न करता त्याची परंपरा जपता येते काय? कर्नाटकातील कोडगूचे उदाहरण बोलके आहे. इंग्रजी अमलापासून कोडवा समाजाला बंदुकीच्या परवान्यातून सूट आहे. २०१९ साली केंद्र सरकारने ती आणखी दहा वर्षांसाठी वाढविली आणि २०२१ साली उच्च न्यायालयाने ती वैध ठरविली. सप्टेंबरच्या आरंभी येणाऱ्या कैलपोड सणाला घरातली हत्यारे पुसून मांडतात आणि आपण ज्याला कळलावी म्हणतो त्या फुलाने बंदुका सजवतात. त्या फुलाला त्यांच्या भाषेत बंदुकीचे फूल असेच नाव आहे. आज तेथे नेम धरला जातो तो नारळावर. बंदूक तीच, परंतु समाजाने तिला दुसरे काम दिले. मात्र ही परंपरा संपूर्ण समाजाच्या डोळ्यांदेखत, सणाच्या शिस्तीत चालते. एकाकी घराच्या कपाटातल्या बंदुकीला तो पहारा नसतो.

म्हणूनच एक कटू सत्य बाजूला सारता येत नाही. रायफलीची निगा राखणे म्हणजे तिची मारण्याची शक्ती शाबूत ठेवणे. शंभर वर्षांची झाली म्हणून ती दुबळी होत नाही. घरात दारू असेल, भडकणारा राग असेल, मन खचलेला कोणी असेल, लहान मुले असतील, तर हाताशी असलेले शस्त्र एका क्षणाच्या निराशेला कायमचे रूप देते. अशा घराने वारशाचा मोह सोडावा. आठवण कितीही मोलाची असली तरी ती एका जिवापेक्षा मोलाची नाही.

कायद्यानेही आता निवड करणे भाग पाडले आहे. २०१९ च्या दुरुस्तीने सामान्य परवानाधारकाजवळील शस्त्रांची मर्यादा तीनवरून दोनवर आणली. वारशाने आलेली शस्त्रेही तीत धरली जातात. २०१६ च्या नियमांनुसार मालकाच्या मृत्यूनंतरच नव्हे, तर त्याची सत्तरी झाल्यावर किंवा शस्त्र पंचवीस वर्षे बाळगल्यावरही ते वारसाच्या नावे होऊ शकते. ह्या तरतुदीत एक शहाणपण आहे. बाप हयात असताना, समोरासमोर बसून हे देणेघेणे होऊ शकते. मुलाला विचारता येते, मुलीलाही विचारता येते आणि त्यांना नाही म्हणता येते.

माझ्या मते सारा प्रश्न ह्या शेवटच्या मुद्द्यावर येऊन ठेपतो. जमीन देताना आपण कर्जाची कल्पना देतो, मग बंदूक देताना तिच्या भाराची का देऊ नये? ती तीन गोष्टींसह द्यावी: तिची खरी हकिकत, तिच्या निगेचे आणि सुरक्षिततेचे ज्ञान, आणि ती नाकारण्याचे स्वातंत्र्य. तिसरी गोष्ट नसेल तर पहिल्या दोन्ही निरर्थक होत. तीन पिढ्यांची रायफल जो तरुण रीतसर पोलीस ठाण्यात जमा करतो, तो कुलद्रोही नव्हे. जो ती कुलपात ठेवून, दरवर्षी नळी धुऊन, तिची सारी गोष्ट आपल्या मुलांना सांगतो, तोही हिंसेचा पूजक नव्हे. दोघेही राखणदारच आहेत, एक शस्त्राचा आणि दुसरा घराचा. मात्र ज्याला ती का ठेवली हेच सांगता येत नाही, त्याच्या भिंतीवर ती टांगलेली असेल, तर ती उतरविण्याची वेळ झाली आहे.