पोटापुरती चौकशी

बीड जिल्ह्यातल्या गेवराईचं नाव गर्भपाताशी जोडलं गेलं ते पोलिस तपासामुळे. जून 2022 मध्ये बीड तालुक्यातल्या बकरवाडीची एक बाई अवैध गर्भपातानंतर दगावली आणि तपासाचे धागेदोरे गेवराईपर्यंत पोचले. त्याआधी 2012 चं परळीतलं मुलींच्या गर्भपाताचं प्रकरण. त्याच्याही आधी, 2011 च्या जनगणनेत, जिल्ह्यात सहा वर्षांखालच्या हजार मुलांमागे 807 मुली. इथे गर्भपात म्हटलं की आधी संशय येतो, आणि तो बिनबुडाचा नाही. पण तांबी असूनही दिवस गेले म्हणून केसपेपरच्या रांगेत उभी राहिलेली बाईही त्याच संशयात भरडली जाते. "पहिल्या दोन्ही मुलीच का?" हा प्रश्न येणार, हे तिला ठाऊक असतं.

1971 चा गर्भपाताचा कायदा बाईच्या मनाला विसरलेला नाही. गर्भनिरोधक फसून राहिलेल्या गर्भाचा मनस्ताप ही मानसिक आरोग्याला गंभीर इजा मानावी, असं त्यात आहे. सज्ञान बाईला नवऱ्याची सही लागत नाही. मात्र मनाची ही दखल परवानगीपुरतीच. नंतर विचारतात ते अंगावरून किती जातंय, पोट दुखतंय का, एवढंच.

नंतर तिने रडलंच पाहिजे असंही नाही. अमेरिकेत पाच वर्षं स्त्रियांचा मागोवा घेणाऱ्या एका अभ्यासात सर्वांत ठळक भावना सुटकेची निघाली. समुपदेशनाच्या नावाखाली दुःख लादणं हाही जाचच. खरी कोंडी होते मुलीचा गर्भ पाडायला घरच्यांनी भाग पाडलेल्या बाईची. लिंगनिदानाचा कायदा अशा वेळी नवऱ्या-नातेवाइकांचा दबाव गृहीत धरतो, तिला गुन्हेगार मानत नाही. पण मन मोकळं करायचं म्हणजे घरच्यांविरुद्ध साक्ष देण्यासारखंच. मग ती कुणापाशी बोलणार?

त्यात जिल्ह्यातल्या अनेक बायका ऊसतोडीला जातात. मातृत्व लाभाचा कायदा गर्भपातानंतर सहा आठवड्यांची पगारी रजा देतो. पण कोयत्यावर गेलेल्या बाईचा खाडा पडला की पैसे कापले जातात. थकवा, चिडचिड, उडालेली झोप यांना फडात कोण विचारतो?

मोठ्या योजनेची वाट पाहायला नको. आशाताई घरी जातेच. तिला थोडं प्रशिक्षण द्यावं, त्या भेटीचा मोबदला द्यावा आणि सासूला बाहेर बसवून दोन गोष्टी विचारायची मुभा द्यावी: झोप लागते का, आणि हे तुझ्या मर्जीने झालं का. उत्तर मात्र वहीत लिहायचं नाही.